चार फेब्रुवारीचं आकाश

१

गगनवेध मंडळाच्या नोंदवहीतलं सत्त्याऐंशी क्रमांकाचं पान कुणीतरी ब्लेडनं कापून नेलं, हे मला मल्हारी बिडगर यांच्याकडून कळलं. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला ते मुकुंदवाडीच्या माझ्या घरी आले. लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं येऊन, इथल्या स्टेशनावरून पत्ता विचारत पायी. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला, पण प्याले नाहीत.

"बाई, म्या शिकलेला नाय," ते म्हणाले. "मेंढरं राखतो. पन पोरगी चार दिस झालं धड जेवली नाय. म्हनती, म्या लिवलं व्हतं, ते पान कुनी तरी काढलंय. खोटं बोलली आसंल तर तसं सांगा, म्या तिला घिऊन जातो. नसंल बोलली तर मंग ते पन समद्यांम्होरं सांगा."

त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी. आठ वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीबरोबर आमच्या मंडळात आली आणि मग येतच राहिली. जानेवारीत तिनं आमच्या चौदा इंची दुर्बिणीतून एक सरकता ठिपका पकडला. परदेशातल्या ज्या केंद्रात असले वेध जमा होतात, त्यांनी त्याला तात्पुरता क्रमांक दिला. पृथ्वीजवळून जाणारा नवा लघुग्रह. आमच्या शहराच्या नावावर पहिलाच. आठ फेब्रुवारीला क्रांती चौकाजवळच्या सभागृहात सत्कार झाला, हार झाले, एका दानशूर उद्योजकानं नव्या वेधशाळेची घोषणा केली.

एकवीस तारखेला केंद्रानं तो क्रमांक काढून टाकला. तो लघुग्रह नव्हताच. जुन्या कुठल्या तरी रॉकेटचा टाकून दिलेला वरचा टप्पा होता. सूर्याभोवती हिंडत हिंडत इतक्या वर्षांनी पुन्हा पृथ्वीच्या जवळ आला होता. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात मथळा आला: 'मेंढपाळाच्या लेकीनं भंगाराला लघुग्रह ठरवलं'.

"आता शनवारी मंडळाच्या समितीची मीटिंग हाय," मल्हारी म्हणाले. "पुन्याच्या संस्थेला तिला घ्या म्हनून शिफारस केल्याली, ती मागं घ्यायची म्हनत्यात."

"शनिवारी मीटिंग?"

"तुमाला म्हाईत नाय?"

मंडळ ज्या चौघांनी सुरू केलं त्यांतली मी एक. चौघांतले दोघे वारले. उरलो मी आणि शिवशंकर सर. मला कुणी कळवलंच नव्हतं.

२

मी चौतीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक होते. तापमान, वारा, पाऊस, ढग. रोज ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, पाहायचं आणि जे दिसलं तेच लिहायचं. या कामानं मला एकच गोष्ट दिली. खोटी नोंद मला खुपते. एकदा एका गावाहून पंधरा दिवसांच्या पावसाचे आकडे आले, ते पाहूनच मी म्हणाले होते की हे एका बैठकीत लिहिलेत. तसंच निघालं होतं.

ज्ञानेश्वरीची खोली माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मल्हारी बाहेर ओट्यावर बसून राहिले. ती आत कॉटवर, भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले, पण बोलली नीट.

"मावशी, दगड असता तर तो गणिताप्रमाणं चालला असता. हा दर दिवशी थोडा सरकत होता. सूर्याचा प्रकाश त्याला ढकलत होता. धोंडा वाऱ्यानं हलत नाही, रिकामा पत्र्याचा डबा लोळत जातो, तसं. म्हणजे वस्तू मोठी, पण पोकळ. मग मी त्याची वाट उलटी काढत गेले. कित्येक वर्षांपूर्वी ती थेट पृथ्वीपाशी येत होती. इथूनच गेलेली वस्तू."

"हे कधी लक्षात आलं?"

"चार तारखेच्या संध्याकाळी. शेवटचा वेध घेतला, हिशोब जुळवला आणि रजिस्टरमध्ये पानभर लिहिलं. शेवटी लिहिलं, हा लघुग्रह नाही, सत्कार थांबवावा, केंद्राला आपणच कळवावं. सर रोज सकाळी नऊला येऊन रजिस्टर वाचतात आणि सही करतात."

"तोंडी का नाही सांगितलंस?"

"आईला दवाखान्यात नेल्याचा फोन आला, तशीच लासूरला गेले. ऋतुराज रोज सरांबरोबर असतो, म्हणून पाच तारखेला त्याला फोन करून विचारलं, सरांनी नोंद वाचली का? तो म्हणाला, हो वाचली. आठ तारखेला मी परस्पर सभागृहात पोचले. कार्यक्रम चालू होता. मला वाटलं, सरांना माझ्या गणितात चूक सापडली असणार. सर चुकत नाहीत, म्हणजे मीच चुकले असणार. पेपरात आल्यावर रजिस्टर उघडलं, तर ते पान ब्लेडनं कापलेलं."

"पानाचा फोटो काढला होतास?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली.

"आपल्याच रजिस्टरचा फोटो कशाला काढायचा, मावशी?"

३

मंडळाचा घुमट शहराच्या टोकाला, सातारा परिसरातल्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर आहे. बेचाळीस पायऱ्या. गुडघ्यांमुळं मी वर्षभर चढले नव्हते. त्या गुरुवारी चढले.

शिवशंकर सर टेबलाशी बसले होते. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय बहात्तर, खादीचा सदरा. मला पाहून उठले आणि स्वतः खुर्ची पुढं केली.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, सत्यशीलाबाई? तुमचे गुडघे लक्षात घेऊनच मी तुम्हाला मीटिंगचं कळवलं नाही."

मी रजिस्टर मागितलं. त्यांनी लगेच दिलं. जाड पुठ्ठ्याचं, छापील पानांकांचं. शहाऐंशीनंतर एकदम एकोणनव्वद. मधला कागद गेलेला. शहाऐंशीच्या तळाशी तीन फेब्रुवारीची नोंद आणि तिच्याखाली, जरा दाटीवाटीनं, एक ओळ: 'ता. ४. ढग ७/८. वेध नाही.' एकोणनव्वदवर पाच तारखेपासून नोंदी सुरू.

"पाहा ना," सर म्हणाले. "चार तारखेला आभाळ होतं. वेधच घेतला नाही, तर नोंद कुठून येणार? कागद कुणी कच्च्या कामाला फाडला असेल. पोरगी घाबरलीय, म्हणून काहीतरी सांगतेय. मला वाईट वाटतं. मी तिला मुलीसारखं वाढवलंय."

"ही ओळ कुणाची?"

"ऋतुराजची असेल. तोच लिहितो हल्ली. मी फक्त सही करतो."

त्या ओळीवरून मी दोनदा बोट फिरवलं. चार शब्द आणि आकडे, वळणावरून कुणाचं ते सांगता येत नव्हतं. मला त्यात काहीच खटकलं नाही. का खटकलं नाही, ते नंतर कळलं.

खाली कार्यालयात सुरेखा बसते. पत्रव्यवहार, कुलपं, चहा, सगळं तिच्याकडं. मी विचारलं, रजिस्टरच्या कपाटाची चावी कुणाकडं?

"एक माझ्याकडं, ताई. एक सरांकडं. ऋतुराज लागली की माझी नेतो."

"पाच तारखेच्या सकाळी?"

तिनं जिन्याकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "मी दहाला आले तर कपाट उघडं आन रजिस्टर टेबलावर. सर वर, ऋतुराज बी वर. दोघं काय बोलत नव्हते. मला लई चमत्कारिक वाटलं. रोज कसं, सर त्याला काही ना काही समजावत असतात."

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"मला इथं नोकरी करायचीय, ताई," ती म्हणाली आणि पुढचं टपाल फोडायला घेतलं.

४

ऋतुराज मला क्रांती चौकात भेटला. घरी या म्हणाला नाही, मंडळातही नको म्हणाला. पुतळ्यासमोरच्या रसवंतीत बसलो. दुपारचं ऊन, रिक्षांचे हॉर्न. त्यानं मागवलेला रस तसाच ठेवला.

सत्काराच्या पत्रिकेत त्याचंही नाव होतं. केंद्राला वेध पाठवण्याचं काम त्याचं. लघुग्रहाच्या बळावर त्याला एका नव्या तारांगणात जागा मिळणार होती. पान नाहीसं होण्यात ज्याचा सगळ्यांत जास्त फायदा, असा माणूस माझ्यासमोर बसला होता.

"तिनं तुला फोन केला होता?"

"कुणी सांगितलं?"

"तिनंच."

तो बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. "केला होता मॅडम. सरांनी नोंद वाचली का, असं विचारलं. मी हो म्हणालो."

"वाचली होती का?"

"माहीत नाही. मी रजिस्टर उघडलंच नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. ती काहीतरी शंका काढणार हे तिच्या आवाजावरून कळलं. मला ती ऐकायची नव्हती." त्यानं मान खाली घातली. "म्हणून हो म्हणालो."

"आणि समितीला हे का नाही सांगितलंस?"

"समितीनं विचारलं नाही."

"चार तारखेची ओळ तू लिहिलीस?"

"मी नाही. चार तारखेला मी पैठणला मामाकडं होतो. पाचच्या सकाळी साडेनऊला थेट मंडळात आलो. सर एकटेच खिडकीशी उभे होते. मी नमस्कार केला, तर म्हणाले, आज बोलू नकोस, डोकं दुखतंय. ती ओळ मला ज्ञानेश्वरीची वाटली."

सर म्हणत होते ऋतुराजची. ऋतुराज म्हणत होता ज्ञानेश्वरीची. आणि ज्ञानेश्वरी तर शपथेवर सांगत होती की त्या संध्याकाळी तिनं वेध घेतला. आभाळ असताना कुणी वेध घेत नाही. म्हणजे तिघांतलं कोण खोटं बोलतंय हे त्या दिवशीच्या आकाशालाच ठाऊक होतं.

मी रस न पिताच उठले. त्या दिवशीचं आकाश माझ्या घरी होतं.

५

निवृत्त झाले तरी माझी सवय सुटलेली नाही. रोज तीन वेळा गच्चीत जाऊन आकाश पाहायचं आणि वहीत टिपायचं. ज्या दिवशी यजमान गेले त्या दिवशीचीही नोंद आहे.

मी फेब्रुवारी उघडला. चार तारीख. सकाळ: ढग ०/८. दुपार: ०/८. संध्याकाळ: ०/८, पश्चिम स्वच्छ, वारा मंद.

एकही ढग नव्हता. कुणीही इंटरनेटवर जुनं हवामान पाहिलं असतं तरी हे कळलं असतं. पण रजिस्टरात लिहिलेलं खोटं असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही.

मुलगी खरं बोलत होती. मी वही मिटणार इतक्यात माझी नजर माझ्याच आकड्यांवर थांबली. शून्य भागिले आठ.

आम्ही हवामानवाले आकाशाचे आठ भाग करतो. आठांपैकी किती भाग ढगांनी झाकलेत ते लिहितो. बाकी जग टक्के लिहितं. मोबाइलमध्ये टक्के येतात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बेचाळीस पायऱ्या चढले, सर यायच्या आधी, आणि सुरेखाकडून रजिस्टर घेऊन पहिल्या पानापासून पाहिलं. ऋतुराज: 'ढग २० टक्के'. ज्ञानेश्वरी: 'ढग नाहीत', 'ढग अंदाजे ४० टक्के'. शहाऐंशी पानांत आठांचा हिशोब कुठंही नाही. फक्त त्या एका ओळीत, ७/८.

आदल्या दिवशी मला ती ओळ खटकली नव्हती, कारण ती माझ्याच भाषेत होती.

मंडळात आकाशाचे आठ भाग करणारी माणसं दोन. एक मी. दुसऱ्या माणसाला मीच शिकवलं होतं, तीस वर्षांपूर्वी, पहिली दुर्बीण गच्चीवर चढवली त्या आठवड्यात. तेव्हा ते म्हणाले होते, हे फार शहाणपणाचं आहे, मी आता असंच लिहीन.

मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसून राहिले. नऊ वाजता जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या.

६

सर आत आले. माझ्या मांडीवर रजिस्टर, शेजारी माझी वही उघडी. त्यांनी दोन्ही पाहिलं. काही न विचारता समोर बसले.

"सात अष्टमांश," मी म्हणाले. "इथं असं दुसरं कोण लिहितं, सर?"

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. घालावा असंही कुठंतरी वाटत होतं.

"हात आपोआप गेला," ते म्हणाले. "लिहिताना लक्षातही आलं नाही."

"पान वाचलं होतंत?"

"दोन परिच्छेद वाचले आणि कळलं की ती बरोबर आहे. प्रकाशाच्या रेट्याचं ते गणित मीच तिला शिकवलं होतं. सुरेख मांडलं होतं तिनं." त्यांनी रजिस्टरकडं पाहिलं. "पत्रिका गेल्या होत्या, बाई. बावन्न वर्षं आकाश पाहतोय. माझ्या छताखाली एकदाच काहीतरी सापडलं. वाटलं, केंद्राच्या लक्षात यायला वर्ष-दोन वर्षं जातील. तोवर वेधशाळा उभी राहील. मग आपणच कळवू."

"आणि सतरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलू शकला असता. मुलीनं मला आधीच सांगितलं होतं, एवढंच."

त्यांनी माझी वही मिटून बाजूला सारली.

"त्याऐवजी तुम्ही समितीला लिहिलंत की मुलगी निष्काळजी आहे. मी ते पत्र आज सुरेखाकडच्या फायलीत वाचलं. सही तुमची आहे."

"ती चोवीस वर्षांची आहे," सर म्हणाले. अगदी शांतपणे, शिकवत असल्यासारखं. "तिला पुन्हा संधी मिळेल. मला मिळणार नाही."

मला पेपरातला तो मथळा आठवला. ज्या मुलीला यांनी घडवलं, तिला शहरानं मेंढपाळाची लेक म्हणून हसावं, हे यांनी चालू दिलं होतं. आणि मला मीटिंगचं का कळवलं नाही तेही आता कळलं. माझ्या गुडघ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. मी रजिस्टर उघडीन याची भीती होती.

"उद्या समितीपुढं मी स्वतः सांगेन," ते म्हणाले. "एवढं माझ्याकडं राहू द्या. तीस वर्षांची ओळख आहे."

मी मान हलवली. एवढं मी त्यांना दिलं.

७

शनिवारी चार वाजता सगळे जमले. समितीचे अध्यक्ष, पूर्वीचे वकील, मध्यभागी. ज्ञानेश्वरी दाराजवळच्या खुर्चीत. मल्हारी आत यायला तयार नव्हते, पायरीवर बसले होते. सरांची खुर्ची रिकामी होती. सव्वाचारला अध्यक्षांच्या मोबाइलवर निरोप आला: प्रकृती बरी नाही, माझ्याविना निर्णय घ्यावा.

म्हणजे ज्ञानेश्वरीला केलं तसंच त्यांनी मलाही केलं.

मी उठले आणि सांगितलं. कापलेलं पान, माझी वही, निरभ्र आकाश, आठ भाग. अध्यक्ष ऐकत होते, पण कपाळावर आठी होती.

"बाई, तुम्ही एका अपूर्णांकावरून एका माणसाच्या बावन्न वर्षांच्या कामावर बोट ठेवताय."

"माझ्या हातात अपूर्णांकच आहे," मी म्हणाले. "त्यांच्या हातात फोन आहे. तुम्ही लावा."

तेवढ्यात मागून ऋतुराज उभा राहिला. ज्ञानेश्वरीनं नोंदीबद्दल पाच तारखेलाच विचारलं होतं, आपण न पाहता हो म्हणालो, चार तारखेला आपण पैठणला होतो, हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं. ज्ञानेश्वरीकडं मात्र त्याला पाहता आलं नाही. मग सुरेखानं चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पाच तारखेची सकाळ सांगितली.

अध्यक्षांनी फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. प्रश्न एकच विचारला: ती ओळ तुम्ही लिहिलीत का?

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"बाई म्हणतात ते खरं आहे," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

शिफारस कायम राहिली. पेपराला खुलासा पाठवायचं ठरलं. सरांचं नाव मंडळाच्या कामातून कमी करण्याचा ठराव झाला, कुणी विरोध केला नाही. मी बाहेर येऊन मल्हारींना सांगितलं. ते उठले, धोतर झटकलं, म्हणाले, "समद्यांम्होरं झालं ना?" मी व्हय म्हणाले. मग त्यांनी पाणी मागितलं आणि उभ्यानंच तांब्याभर प्याले.

ज्ञानेश्वरी माझ्यामागं उभी होती. ती रडत नव्हती.

"मावशी, आठ दिवस मी ऋतुराजवर संशय घेतला. सुरेखाताईंवर घेतला. एकदा तर वाटलं, मी लिहिलंच नसेल, भास झाला असेल. सरांवर घ्यायचा सोडून सगळ्यांवर घेतला. माझ्यावरसुद्धा."

सोमवारी तिनं रजिस्टरच्या नव्या पानावर चार फेब्रुवारीची नोंद पुन्हा लिहिली, आठवून, सगळ्या आकड्यांसह. खाली 'वाचलं' असं लिहून जागा सोडली. मग म्हणाली, चला. मी कुठं ते विचारलं नाही.

सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली. आम्ही आत गेलो. तिनं रजिस्टर त्यांच्यापुढं टीपॉयवर ठेवलं आणि पेन काढून वर ठेवलं. ते पहिल्या ओळीपासून वाचत गेले. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"इथं तुझा एक आकडा चुकलाय," ते हळूच म्हणाले. "मूळ पानावर बरोबर होता."

तिनं पेन घेतलं, आकडा दुरुस्त केला, बाजूला स्वतःची सही केली आणि पेन परत त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी 'वाचलं'समोर सही केली. मग आत हाक मारून चहा ठेवायला सांगितलं.

तिनं रजिस्टर मिटून छातीशी धरलं आणि उठली. ते पाय किंचित मागं घेऊन बसले होते, आठ वर्षांच्या सवयीनं, ती आता वाकेल म्हणून. ती त्यांच्या पायांकडं बघत जराशी थांबली, आणि न वाकता दाराकडं वळली.

मी तिच्यामागून निघाले. दार आम्हीच ओढून घेतलं.